जिउतियाच्या दिवशीची पूर्ण गोळी

जी बाई अख्खा दिवस आणि रात्र पाण्याचा थेंबही घेणार नव्हती, तिची शुगर उतरवणारी गोळी मी वाढवून दिली. अर्धी होती, ती पूर्ण केली. कुणी भरीला पाडलं नव्हतं, स्वतःच्या अकलेने केली. आणि त्या वेळी मी आमच्या हॉस्पिटलच्या पेशंट सेफ्टी कमिटीची चेअरपर्सन होते.

हे वाचून नात म्हणाली, "आज्जी, ये मत छपवाओ ना, लोक हसतील." हसू देत. मी वीसेक वर्षं हसतेच आहे.

पेशंट सेफ्टी म्हणजे काय, ते आधी सांगते. पेशंटला एक त्रास रोगामुळे होतो. दुसरा आमच्यामुळे होतो: चुकीचं औषध, चुकीचा डोस, एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला. हा दुसरा त्रास शोधायचा आणि थांबवायचा. मी मेडिसिनची डॉक्टर, म्हणजे ताप, शुगर, ब्लडप्रेशर, दमा बघणारी. दिल्लीला एक कोर्स करून आले आणि माझ्या अंगातच आलं. कॉरिडॉरभर पोस्टर लावली. ओपीडीच्या कागदावर चौकोन छापून घेतले: औषध समजावलं? पथ्य समजावलं? डॉक्टरने खूण करायची. वर्षभराच्या खुणा मोजून मी एका कॉन्फरन्समध्ये पेपर वाचला, की आमच्याकडे पथ्य जवळपास सगळ्यांना समजावलं जातं. टाळ्या पडल्या. परीक्षा आमची, तपासणारे आम्ही, पहिला नंबरही आमचाच.

त्याच दिवसांत ओपीडीत शांतीदेवी आल्या. पन्नाशीच्या, एका शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधणाऱ्या. म्हणाल्या, "मैडम, परसों जिउतिया है. बरत रहेंगे. गोली कैसे खाएँ?"

इतका नेमका प्रश्न माझ्या कमिटीत कधी कुणी विचारला नव्हता.

जिउतिया म्हणजे मुलांच्या आयुष्यासाठी आयांनी करायचं इकडचं, काशीकडचं व्रत, एवढं मला ठाऊक होतं. कारण त्या दिवशी अर्ध्या नर्सेस सुट्टी मागायच्या आणि मी कपाळाला आठ्या घालायची. पुढचं काही विचारायची गरज मला वाटली नव्हती. लग्न होऊन काशीत आले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण अमृतराव घाटाजवळच्या आमच्या घरात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरईचा भात आणि वर दाण्याची आमटी. माझ्या मराठी पेशंटांची शुगर एकादशीला हमखास चढायची. तेव्हा मी शास्त्रीय चेहरा करून म्हटलं,

"व्रत में शुगर बढ़ती है. आधी नहीं, पूरी लेना."

"पूरी?"

"हाँ हाँ, पूरी. घबराना नहीं."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं, तोंडही उघडलं होतं. पण मी तोवर 'पथ्य समजावलं'च्या चौकोनात खूण करून पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली होती.

जिउतियाच्या दिवशी दुपारी कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं. शेजारणींनी शांतीदेवींना रिक्षात घालून आणलं होतं. घामाने निथळत होत्या, दातखीळ बसलेली, हाकेला ओ नाही. सिस्टर चंद्रकलांनी बोटाला टोचून शुगर बघितली. मशीनवर आकडाच आला नाही, 'एल ओ' अशी दोन अक्षरं आली. म्हणजे शुगर इतकी खाली, की मशीनलाही वाचता येत नाही. अशा वेळी मेंदू उपाशी पडतो. उशीर झाला तर माणूस जातो, नाहीतर कायमचा अधू होतो. आम्ही शीर शोधून ग्लुकोज सोडलं.

"सिस्टर, इन्होंने फलाहार कुछ नहीं लिया?" मी विचारलं.

सिस्टरही व्रतातच ड्युटी करत होत्या. ओठ सुकून पांढरे पडलेले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण पाटीवर लिहिलेलं असूनही पत्ता विचारणाऱ्याकडे बघतो.

"फलाहार? मैडम, जिउतिया में थूक भी नहीं घोंटते."

पहाटे सूर्य उगवायच्या आधी दोन घास, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही म्हणजे काही नाही. त्या दोन घासांबरोबर शांतीदेवींनी माझी पूर्ण गोळी घेतली होती. इतकी आज्ञाधारक पेशंट मला क्वचितच मिळाली.

काही मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. वर टांगलेली बाटली बघितली आणि रडायलाच लागल्या. "हमारा बरत टूट गया?"

सिस्टर पुढे झाल्या. "मुँह से कुछ गया? नहीं न? नस से गया है. नस का नहीं गिनते. अब चुप रहिए."

धर्मशास्त्राचा इतका झटपट निकाल काशीतसुद्धा मिळत नाही.

या गोळीचा असर लांबतो, शुगर पुन्हा पडू शकते. म्हणून त्यांना वॉर्डात ठेवलं. सकाळपर्यंत तोंडात काही घ्यायला त्या तयार नव्हत्या. सलाईन चालू ठेवून तासातासाला बोट टोचत राहिलो. पारणं झालं, शुगर स्थिरावली, मग मी श्वास सोडला.

तिसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग. सुपरिंटेंडेंट साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अरे मैडम, काहे परेशान हैं? लिख दीजिए, पेशंट ने बिना बताए व्रत रखा."

संताप यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्या फाइलमधल्या मसुद्यात मी नेमकं हेच वाक्य लिहून आणलं होतं. सुबक अक्षरात.

नर्सेसच्या वतीने चंद्रकला सिस्टर बसल्या होत्या. "बताया था, सर. उस दिन ओपीडी में हम वहीं खड़े थे."

"आपसे किसी ने पूछा?"

"नहीं सर. पूछता ही तो कोई नहीं."

मी माझं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'पेशंटने सांगितलं होतं. डॉक्टरने विचारलं नाही.' सही केली.

"मैडम, ये फाइल ऊपर जाएगी," साहेबांनी धमकावलं.

"जाने दीजिए. पेपर भी तो मैंने ही पढ़ा था."

फाइल वर गेली. मला एक खरमरीत पत्र आलं, ते मी नीट जपून ठेवलंय. चौकोन मात्र काढून टाकले. त्यांच्या जागी कोरी ओळ आली. गोळी कशी घेणार, त्या दिवशी काय खाणार, हे पेशंटने आपल्या शब्दांत सांगायचं आणि डॉक्टरने ते तसंच लिहून घ्यायचं. याला 'टीच-बॅक' असं भारदस्त नाव आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला रोज करतो: "दो किलो आलू, आधा किलो टमाटर, यही न?" आम्हाला ते शिकायला दिल्लीचा कोर्स आणि एक बेशुद्ध बाई लागली. पहिल्याच आठवड्यातल्या ओळी वाचून कळलं, की आमच्या आधीच्या खुणा नुसत्याच खुणा होत्या. माझं पुढचं सगळं संशोधन त्या कोऱ्या ओळीवर चाललं. चौकोनात खूण करायला पेशंट समोर असावाच लागत नाही, एवढाच त्यातला धडा.

त्या दिवशी मीटिंग संपवून मी वॉर्डात गेले. शांतीदेवी घरी जायला निघाल्या होत्या, पिशवी भरत होत्या. मी माफी मागितली. आमच्याकडे उपासाला काय काय चालतं, म्हणून माझा गैरसमज कसा झाला, ते सगळं सांगितलं. पिशवी बाजूला ठेवून त्या ऐकायला बसल्या.

"आलू भी?"

"आलू भी."

"मूँगफली?"

"वो भी."

"घी में?"

"घी में."

त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"मैडम, आप लोग इसको बरत कहते हैं, तो दावत किसको कहते हैं?"