बुवांच्या पट्टीत

संगीतात एम. ए. करून गावी परतलो, तेव्हा माझं कौतुक आठवडाभर टिकलं. पुढची दोन वर्षं सगळे एकच विचारत होते, मगे आता करतलंस काय? शाळांना गाण्याचा शिक्षक नको होता. क्लास काढला, दोन मुली आल्या आणि दहावीचं वर्ष म्हणून गेल्या. शेवटी मावसभावाने तारकर्लीच्या एका हॉटेलात काउंटरवर चिकटवलं. सोमवारी रुजू व्हायचं आणि पेटी माळ्यावर टाकायची, असं ठरलं. जीव मात्र पेटीत अडकलेला. म्हणून शनिवारी संध्याकाळी ग्रामदेवीला कौल लावायला गेलो.

कौलाला देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पडलो उच्चशिक्षित. मी विचारलं, "गाणं सोडू की हॉटेल सोडू?" आता देवीने हो म्हटलं तर कशाला? गुरवकाकांनी कपाळाला हात लावला. "देवीक एका येळाक एकच इचारूचा. भायर बस, काय ता ठरव, मगे ये."

बाहेर सभामंडपात भजन सुरू होणार होतं. पेटीवाला आला नव्हता, म्हणून मला बसवलं. गाणारे बुवा परगावचे, म्हातारे, उजवा हात मांडीवर निपचित. मी माझ्याच पट्टीत सुरुवात केली आणि विद्यापीठात शिकलेल्या सगळ्या हरकती एका अभंगात ओतल्या. बुवांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, भारावले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने माझ्या कोपराला हात लावला.

"झिला, त्यांच्या मागसून वाजय. अर्धांग झाल्यापासून त्यांका बोलूक येणा नाय. गाणा गाऊक तेवढा येता."

ओशाळून हरकती सोडल्या. मग खालचा एकच सूर धरला आणि थांबलो. बऱ्याच वेळाने बुवांचा आवाज आला, फाटका, पण सुरात. मी मुकाट त्यांच्या मागे चाललो. अभंग संपला तरी माझा सूर चालूच होता, आणि त्याच चालीत बुवा बायकोला म्हणाले, "गो, पाणी दी." सात महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं मागणं. काकींनी तांब्या स्वतः त्यांच्या ओठांना लावला.

वाचा गेली तरी गाणं शिल्लक राहू शकतं, हे मी एम. ए.ला वाचलं होतं. संगीतोपचाराचा पेपर आदल्या दिवशी घोकून पास झालो आणि विसरलो. देवीला मात्र माझा अभ्यासक्रम ठाऊक असावा.

कौलासाठी पुन्हा आत गेलोच नाही. सोमवारी हॉटेलऐवजी पेटी घेऊन बुवांच्या घरी गेलो. मावसभाऊ महिनाभर बोलला नाही. पुढे बुवा चालीत दोन-चार शब्द बोलू लागलेले पाहून त्यांच्या डॉक्टरांनी मला कुडाळच्या दवाखान्यात बोलावलं. आता तिथे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या हाताखाली अशाच माणसांना गायला लावतो, आणि त्याचं रीतसर शिक्षण घेतो, या खेपेला न घोकता. हरकत मारायची खाज अजून सुटते. मग बोटं आवरतो, समोरच्याची पट्टी शोधतो आणि वाट बघतो. शरण जाणं म्हणतात ते मला एवढंच जमलं.

परवा मी सूर चुकवला, तेव्हा बुवांनी मला एक सणसणीत मालवणी शिवी हासडली. स्पष्ट, चालीबिलीशिवाय. मी ती डोळे मिटून घेतली, प्रसाद घ्यावा तशी.