भाऊजींनी लेथ घेतलं

माझ्या थोरल्या साडूंइतका खरेदीचा अभ्यास केलेला आणि त्या मानाने इतकी कमी खरेदी केलेला माणूस मुलुंड पूर्वेत दुसरा नसेल. पश्चिमेचं मला खात्रीनं सांगता येणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. हयातभर त्यांनी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी केली. समोर आलेल्या प्रत्येक कागदात काहीतरी खोट असतेच, ती फक्त अजून सापडलेली नसते, या श्रद्धेवर त्यांची नोकरी सुखात पार पडली आणि संसारही. नवा कुकर घ्यायला त्यांना चौदा महिने लागले. तेवढे दिवस ताईंनी भात पातेल्यात शिजवला, आणि कुकर आला तेव्हा घरात सगळ्यांना पातेल्यातलाच भात आवडायला लागला होता. खुद्द ताईंना बघायला ते चार वेळा आले होते. चौथ्या वेळी आमच्या सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "मुलगी पसंत आहे, की पोहे?" भाऊजी म्हणाले, "दोन्हींचा विचार चालू आहे." हे त्यांनी विनोदानं म्हटलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर एक दिवस जेवताना त्यांनी मोबाइलवर एका परदेशी म्हाताऱ्याला लाकूड कातताना पाहिलं. गरगर फिरणाऱ्या ओंडक्याला त्यानं पटाशी टेकवली, ढलप्या उडाल्या आणि बघता बघता आतून एक वाटी निघाली. भाऊजींचा घास हातातच राहिला. "मी हे शिकणार," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "शिका की. पण ते मशीन ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?" तोही प्रश्न सुटला. लिफ्टच्या करारातली एक चूक भाऊजींनी पूर्वी शोधून दिली होती, त्यामुळे सोसायटीनं गच्चीवरची, पाण्याच्या टाकीशेजारची खोली त्यांना वापरायला दिली. राहता राहिलं लेथ, म्हणजे लाकूड फिरवणारं मशीन. ते निवडण्यात दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांत दर रविवारी सकाळी मला फोन यायचा. "काय रे, बेड ओतीव लोखंडाचाच हवा ना?" मी घाटकोपरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. बेड म्हटलं की मला झोपायचाच आठवतो. पण हळूहळू मलाही कळत गेलं की लेथचा बेड म्हणजे त्याची लांबलचक बैठक, हलकं मशीन थरथरतं आणि जड मशीन गच्चीवर चढत नाही. भाऊजींची फाइल फुगत गेली. कुठल्या मशीनचा वेग पट्टा बदलून कमीजास्त होतो, कुठल्याचा बटणानं, हे त्यांना तोंडपाठ झालं. इंटरनेटवर लोक त्यांचा सल्ला घ्यायला लागले. नाशिकचा एक डॉक्टर, मालाडच्या एक बाई, असे अकरा जण त्यांना विचारून लेथ घेऊन मोकळे झाले आणि सुखानं लाटणी काढायला लागले. भाऊजींनी तोवर लाकडाला हातही लावला नव्हता.

शेवटी मीच त्यांना जयंतीभाईंकडे नेलं. माझ्या शाळेमागच्या औद्योगिक वसाहतीत या म्हाताऱ्या कारागिराचा गाळा होता. पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याच्या दांड्या असं कातीव काम ते पन्नास वर्षं करत होते. गाळ्यात एक मोठं लेथ होतं आणि एक छोटं. भाऊजींनी खिशातून एकेचाळीस प्रश्नांची यादी काढली. जयंतीभाईंनी तीन प्रश्न ऐकून घेतले, छोटं लेथ चालू केलं आणि भाऊजींच्या हातात पटाशी दिली. "साहेब, सवाल एकदम बरोबर आहे. पण तो लाकडाला विचारा ना."

त्या दिवसापासून भाऊजी दर गुरुवारी घाटकोपरला जायला लागले. केसांत भुसा घेऊन परत यायचे आणि तो झटकायचे नाहीत. ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, हे हल्ली गाणं गुणगुणतात. सूर वाईट आहे, पण गुणगुणतात."

मग ती वसाहत पाडून टॉवर उठवायचं ठरलं. जयंतीभाई गाळा सोडून गुजरातेत मुलीकडे जाणार होते. मी त्या गुरुवारी तिथंच होतो. छोट्या लेथवर हात ठेवून ते म्हणाले, "मोठी मशीन जाऊ दे भंगारात. ही तुम्ही घेऊन जा, साहेब. तुमच्या हाताला बसली आहे."

भाऊजी म्हणाले, "विचार करून सांगतो."

जयंतीभाईंनी मान हलवली. भाऊजींनी घरी येऊन तक्ता मांडला. बेअरिंग किती झिजलंय, मोटर अजून किती वर्षं चालेल, जिन्याच्या वळणावर मशीन अडेल का, हे सगळं त्यात आलं. उत्तर तयार नसताना तोंड कसं दाखवायचं, म्हणून गुरुवारी जाणंही त्यांनी थांबवलं. चार महिन्यांनी त्यांचा मला फोन आला. "ठरलं रे. घ्यायचं." मी म्हटलं, "आधी जयंतीभाईंना फोन करा." ते म्हणाले, "असं उत्तर फोनवर द्यायचं नसतं. समोर जाऊन सांगायचं." आम्ही टेम्पो, दोर आणि दोन हमाल घेऊन गेलो. वसाहतीभोवती पत्रे लागले होते आणि आत विटांचा ढीग होता. वॉचमन म्हणाला, "वो चाचा? गाँव चला गया. मशीन तो परसों भंगारवाला ले गया."

भाऊजी फाइल काखेत धरून बराच वेळ त्या पत्र्यांसमोर उभे राहिले. येताना हमाल रिकाम्या टेम्पोत ऐसपैस बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या दुकानात शिरले आणि समोर दिसलं ते पहिलं लेथ घेऊन आले. बेड कसला आहे हेही त्यांनी विचारलं नाही. ताईंचा माझ्या बायकोला घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, "यांना डॉक्टरकडे नेऊया का गं?"

जयंतीभाईंना फोन करायचा धीर त्यांना तीन आठवड्यांनी झाला. मला गच्चीवर बोलावून घेतलं, स्पीकर लावला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"साहेब, मी चार महिने थांबलो," जयंतीभाई म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "भंगारवाला तीन वेळा आला. तीन वेळा परत पाठवला. मग गाळाच राहिला नाही ना."

"चुकलं माझं."

"छोडो ना. मशीन घेतली?"

"घेतली."

"कशी आहे?"

"थरथरते."

"मग खाली वाळूची गोणी ठेवा. शांत होईल."

गोणी ठेवली. लेथ खरंच शांत झालं. महिन्याभरात भाऊजींनी आंब्याच्या लाकडाची एक वाटी काढली आणि तिचे सर्व बाजूंनी फोटो काढून जयंतीभाईंना पाठवले. आम्हा सगळ्यांना ती वाटी झकास वाटली होती. जयंतीभाईंचं उत्तर आलं, "तळ जाड ठेवलात. घाबरलात ना?"

भाऊजींनी ते मला वाचून दाखवलं. मग वाटी तळहातावर ठेवून तिचं वजन बघितलं. "खरं आहे रे," ते म्हणाले. "भोक पडेल म्हणून मी दोन सूत अलीकडेच थांबलो."

परवा मी गच्चीवर गेलो, तेव्हा त्यांनी नवं लाकूड लावलं होतं. चष्म्यावर भुसा, पायाशी ढलप्या. पटाशी आत आत जात होती आणि लाकडाचा आवाज बारीक होत चालला होता. मी म्हटलं, "भाऊजी, आता थांबा." ते थांबले नाहीत. एक कोरडा आवाज झाला आणि तळ फुटला. त्यांनी बटण बंद केलं, वाटी काढली आणि डोळ्यापुढे धरून भोकातून टाकीकडे पाहिलं. आता ते काय बोलतील याची मला धास्ती वाटत होती.

"काय पातळ झाली होती रे," ते हळूच म्हणाले.

मग त्या फुटक्या वाटीचा त्यांनी एकच फोटो काढला. "पाठवू का त्यांना?" असं त्यांनी मला विचारलं, पण मी तोंड उघडायच्या आत तो जाऊनही पोचला होता. फोन त्यांनी भुशातच उताणा ठेवला आणि हात पुसत, उत्तराची वाट बघत स्टुलावर बसून राहिले.