परक्या घरचा रिमोट

पिंपरीपासून चाकणपर्यंत एवढ्या कंपन्या, एवढे सिग्नल, एवढे खड्डे, त्यामुळे चिडलेल्या माणसांना आमच्याकडे तोटा नाही. पण आमच्या दाजींइतका चिडलेला माणूस या सगळ्या पट्ट्यात दुसरा नसेल, आणि मला त्यांच्याइतकं चिडवणाराही दुसरा नाही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने माझे साडू, पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे चऱ्होलीचे. चाकणच्या एका कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात नोकरी काढली, त्यामुळे साधं "पाणी द्या" म्हणाले तरी शेजारच्या इमारतीतून कुणीतरी तांब्या घेऊन निघावं असा आवाज. या आवाजाचा आणि रागाचा सगळा मारा एकाच गोष्टीवर: टीव्हीवर. टीव्हीत दिसणाऱ्या पुढाऱ्यांवर नाही, हरणाऱ्या संघावर नाही, सासूचा छळ करणाऱ्या सुनांवरही नाही. टीव्हीच्या रंगावर, उजेडावर आणि आवाजावर.

टीव्ही कंपनीतून निघतो तोच नासवून निघतो, असं त्यांचं म्हणणं. दुकानातल्या गर्दीत उठून दिसावा म्हणून रंग भडक करून ठेवतात, उजेड डोळे जाळेल एवढा, आणि लोक तो तसाच घरी आणून भिंतीला ठोकतात आणि वर्षानुवर्षं तसाच बघतात, याचा त्यांना संताप. "आरं, साडीच्या दुकानातली भावली आवडली म्हणून तिच्याशी लगीन लावतं का कुणी?" असं ते विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता रिमोट उचलतात.

आमच्या दिघीच्या घरी मोठा टीव्ही आला त्या रविवारी दाजी चपला काढायच्या आधीच ओरडले, "ह्ये गवत हाय का पोपट?" क्रिकेट चाललं होतं. मला ते हिरवंगार मैदान फार आवडलं होतं. खरं तर ते मैदान बघूनच मी टीव्ही घेतला होता. दाजींनी सेटिंगमध्ये शिरून त्याचं असं काही केलं की ते लष्कराच्या हद्दीतल्या उन्हाळी माळासारखं दिसायला लागलं. मग त्यांनी चित्र गुळगुळीत करणारी कसलीशी सोय बंद केली, कारण तिच्यापायी म्हणे जुन्या पिक्चरमधला घोडा लोण्यावरून घसरल्यासारखा पळतो. मग ढोलाचा घुमारा काढून टाकला. "बोलनं ऐकायचंय का मिरवणूक?" ते गेल्यावर मी सगळं परत पूर्वीसारखं केलं. पुढच्या रविवारी त्यांना ते दारातूनच कळलं. "पाव्हणं, डोळं हायत का शर्टाची बटनं?" माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून! पुढे किती रविवार आमचं हे युद्ध चाललं ते विचारू नका. दोघांनीही माघार घेतली नाही, आणि बायको मात्र दरवेळी त्यांच्याच बाजूने.

बाहेर तर त्यांना नेण्याचीच सोय नव्हती. दातांच्या दवाखान्यात गाल सुजलेला असताना त्यांनी तिथल्या मुलीकडून रिमोट मागून घेतला होता. एकदा भोसरीला दुखवट्याला गेलो. त्या घरात आवाज बंद करून टीव्ही नुसता चालू ठेवला होता, आणि चित्र आडवं ताणलं गेल्यामुळे बातम्या देणारी बाई उंचीपेक्षा रुंद दिसत होती. दाजी बराच वेळ तोंडावर हात धरून, मान हलवत बसले. लोकांना वाटलं, गहिवरले. गेलेल्या माणसाचा मुलगा जवळ येऊन बसला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाळा, रिमोट कुठं हाय?" त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणार नाही असं ठरवलं होतं. ते ऐकणाऱ्यांतले नसल्यामुळे त्यांना ते कळलंच नाही.

अशा माणसाला मुलीच्या सोयरिकीला न्यायचं का, यावरून आमच्या घरात भांडण झालं. आमच्या नेहासाठी तळवड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, स्वतःचं घर, माणसं सुशिक्षित. मला तर ते जमल्यातच जमा वाटत होतं. फक्त त्यांचं घर बघून यायचं राहिलं होतं. "थोरल्या माणसाला वगळून कसं जायचं?" बायको म्हणाली. शेवटी मी दाजींकडून शपथ घेतली. "रिमोटला हात लावायचा नाही." "माउलीची आन," दाजी म्हणाले. आळंदीच्या इतक्या जवळचा माणूस ती शपथ मोडणार नाही याची मला खात्री होती, आणि त्यांनी ती मोडलीही नाही. माझी अडचण तिथेच झाली.

नेहाला आणि दाजींना घेऊन आम्ही तळवड्याला गेलो. मुलाच्या घरी हॉलमध्ये भिंतभर टीव्ही होता. मुलाचे वडील सोफ्यावरून तो किती इंची, काय काय करतो, हे सांगत होते. गाण्याचा कार्यक्रम चालू होता आणि गाणाऱ्या पोरीचा चेहरा झेंडूसारखा झाला होता. आवाज असा की पोह्यांच्या बशा थरथरत होत्या. दाजींचा गुडघा हलायला लागला. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तेवढ्यात वडिलांना फोन आला आणि ते गॅलरीत गेले. मुलाची आई चहा घेऊन आली आणि हळूच हसून म्हणाली, "टीव्ही मोठा आहे, पण त्यातलं बोललेलं मला काही कळतच नाही. नुसतं घुमतं."

झालं! दाजींनी हात मांड्यांखालून काढले नाहीत, पण तोंड उघडलं. "वैनी, रिमोट घ्या. ते चाकाचं चित्र हाय न्हवं, ते दाबा. आता रंग कमी करा. आता खाली, आवाज. बास म्हंजी घुमारा, तो झिरो करा, घाबरू नका." त्या बाईने दाबत दाबत सगळं केलं. गाणाऱ्या पोरीला माणसाचा रंग आला, घुमारा थांबला, आणि निवेदकाचा शब्द न शब्द कानावर पडला. "अय्या!" ती म्हणाली, "हा असं बोलतो होय!" आणि एखाद्या मुलीसारखी हसली.

वडील गॅलरीतून आले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे. "रिमोट कुणी दिला तुला?" आवाज अगदी खालचा होता. "अक्कल काडीची नाही आणि हात लावायचा. आत जा." तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि आत गेली. "बायकांना काय कळतं त्यातलं," ते आमच्याकडे बघून हसले. मुलाने मोबाइलमधून मान वर केली, रिमोट उचलला आणि म्हणाला, "मी होतं तसं करून देतो, बाबा." पोरगी पुन्हा झेंडू झाली.

दाजी उठले. आता हा माणूस इथे फुटणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण ते त्या गृहस्थाला काहीच बोलले नाहीत. स्वयंपाकघराकडे तोंड करून, अख्ख्या तळवड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैनी, पोहे झ्याक झालं व्हतं बरं का!" आणि चपला घालून खाली गेले.

गाडीत मी जो सुटलो तो सुटलोच. मुलीचं जमलेलं लग्न मोडलंत, परक्या घरात नवराबायकोत लावून दिलीत, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, फक्त टीव्ही दिसतो. दाजी पुढच्या सीटवर समोर बघत बसले होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "चिडा पाव्हणं, तुमचा हक्कच हाय. पन पोरीला इचारा."

मागून नेहा म्हणाली, "बाबा, रिमोट ठेवल्यावर काकूंनी हात पदराला पुसला. काहीतरी चोरताना सापडल्यासारखा. मला नाही जायचं त्या घरात."

मी ते पाहिलंच नव्हतं. मी तेव्हा दाजींकडे बघत होतो. मग माझा राग आणखीच वाढला, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून पुढच्या रिक्षावाल्यावर हॉर्न वाजवत राहिलो. त्या लोकांना मी फोनवर पत्रिका जुळत नाही असं कळवलं, तर त्यावरूनही दाजी उखडले. "पत्रिकेला कशाला मधी घालता? टीव्ही जुळंना म्हना!"

नेहाने पुढे आपल्या ऑफिसातला मुलगा पसंत केला. त्या घरी गेलो तेव्हा दाजींनी टीव्हीकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलाची आई मधेच बोलते का, आणि बोलली की बाकीचे ऐकतात का, एवढंच बघत बसले. लग्न झालं आणि ती दोघं बंगळूरला गेली. आमचं घर एकदम मोठं झालं.

आता दाजींना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी चिडायला बंदी केली आहे आणि मेहुणीचा पहारा कडक. परवा रविवारी दोघं आली. टीव्हीत कंपनीचा कसलासा अपडेट आला होता आणि सगळं सेटिंग आपोआप बदलून चित्र पेटल्यासारखं झालं होतं. मी मुद्दामच तसं राहू दिलं. दाजी बसले, त्यांनी बघितलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी वाट बघितली.

"दाजी, रंग बघितलात का?"

"चाललंय की."

चाललंय? मग मीच उठलो. काय हा उजेड, काय हे चेहरे, कंपनीवाल्यांना लाजा कशा वाटत नाहीत, असं ओरडत मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मेहुणी म्हणाली, "अगंबाई, यांना काय झालं?"

दाजींनी माझी बाही ओढली. काहीतरी म्हणाले, पण आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं.

"उजेड आनखी जरा कमी करा."

मी केला.