भाऊजींची हाक

आमचे धाकटे भाऊजी काय काम करतात हे सांगितलं की पाहुण्यांना हसू येई. ते हाक मारतात. नदीवर धुकं उतरलं की पलीकडून येणाऱ्या होडीला धक्का दिसत नाही. भोंगा दोन्ही काठांवर घुमतो, कुठून आला ते कळत नाही. म्हणून भाऊजी धक्क्याच्या टोकाला उभे राहून "होऽऽ" करत आणि नावाडी त्या आवाजावर होडी आणी. देवापुढे दिवा लावताना ती हाक माझ्यापर्यंत पोचायची. वाटायचं, देवच कुणाला तरी घरी बोलावतोय.

मागच्या थंडीत त्यांचा कान ठणकू लागला, मग घसा. ओरडून बसला असेल म्हणून मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज पार गेला, पाणी पितानाही ठसका लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. घशात एकाच बाजूला फोड होते. नागीण!

"अहो, नागीण कमरेला होते, घशात कशी शिरली?" ह्यांनी विचारलं.

"ती नस धरून पसरते. नस घशाची, म्हणून घशात."

स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडली होती. आवाज परत येईल की नाही, डॉक्टर सांगेनात.

फोड सुकले. मान डावीकडे, भिंतीकडे वळवून घोट गिळायला डॉक्टरांनी शिकवलं होतं. "भिंतीची परवानगी काढून पाणी पितोय बघ," हे चिडवायचे. भाऊजी हसायचे, पण त्या हसण्यात नुसता वारा. धक्क्यावाल्यांनी त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसायला सांगितलं. "एकदा धुकं पडू दे," एवढंच ते कुजबुजले.

काल मी माहेराहून होडीने परतत होते. मध्यावर धुक्याने काठ पुसला, पाणी पुसलं, माझे गुडघेसुद्धा दिसेनात. मी नामस्मरण सुरू केलं. तेवढ्यात नावाड्याने इंजिन बंद केलं.

"वहिनी, जप मनातल्या मनात करा. आज सगळ्यांनीच गप्प बसायचं."

"का रे?"

"तुमचे दीर उभे आहेत तिकडे. आवाज केसाएवढा उरलाय. इंजिनात ऐकू येणार आहे का?"

शेजारी बसलेल्या बाईने बांगड्या मुठीत धरल्या. बिस्कीट खाणाऱ्या एकाने तोंड चालवायचं थांबवलं. होडी पाण्यावर नुसती झुलत राहिली. बऱ्याच वेळाने, झोपेत कुणी बोलावं तसं, उजवीकडून विरत विरत आलं, "हो..."

नावाड्याने वल्हं उचललं. "वेळ लागेल बरं का."

कुणी कुरकुरलं नाही. हाक आली की मी मनात एक नाम घ्यायची, आणि पुढची येईपर्यंत श्वासही जपून सोडायची.