फाइल म्हणजे दोरा

साहेबांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "ही मागाहून घुसडलेली आहे. दाखल्यावर मी सही करणार नाही."

समोर गणपत तायडे उभे होते. अंजनगावकडच्या एका खेड्यातून पहिल्या एस.टी.ने आलेले. त्यांची मुलगी शेवंता अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगसाठी निवडली गेली होती. अठरा वर्षं पूर्ण असल्याचा दाखला सोमवारपर्यंत दिला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"सायेब, मले लिवता येत नाई. मी कायले घुसडू?" तायडे म्हणाले.

मी त्या तहसील कचेरीत रेकॉर्ड कीपर होतो, म्हणजे जुन्या कागदांचा राखणदार. पूर्वी गावात मूल जन्मलं की कोतवाल चिठ्ठी आणून द्यायचा. कारकून ती रजिस्टरात उतरवायचा आणि सगळ्या गावांच्या चिठ्ठ्यांच्या एकाच लोखंडी तारेत, आल्या क्रमाने, ओवून ठेवायचा. शेवंताच्या सालचं रजिस्टर वाळवीने फस्त केलं होतं. उरली होती ही चिठ्ठी, तिच्यावर ना शिक्का ना क्रमांक.

खरं तर दोष माझा होता. साहेब पुण्याहून बदलून आले तेव्हा त्यांना त्या गंजक्या तारा बघवेनात. गावागणिक पुठ्ठ्याच्या फाइली करा, असा हुकूम झाला. मी दोन महिने खपून तारा तोडल्या, चिठ्ठ्या वाटून लावल्या आणि स्वतःवरच खूश झालो. कोणती चिठ्ठी कोणामागे होती, हे त्यातच पुसलं गेलं. तायड्यांच्या तोंडाकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब जेवायला गेले. त्यांच्या टेबलावर जाडजूड डिक्शनरी असे. ज्या शब्दापायी हे झालं तो एकदा बघू तरी, म्हणून मी रागारागाने ती उघडली. लोखंड घासायची कानसही फाइलच, पण तो शब्द निराळ्या मुळाचा. आपली कागदांची फाइल आली लॅटिनमधल्या दोऱ्यावरून. तिकडेही कागद दोऱ्यात, तारेत ओवत. एकामागे एक चालणाऱ्या माणसांच्या रांगेलाही त्यावरूनच फाइल म्हणतात. म्हणजे पुठ्ठा नंतरचा. आधी दोरा, आणि दोऱ्यातला क्रम.

मी उठलो. त्या सालच्या सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर पसरल्या. प्रत्येकीला तारेचं भोक होतं आणि भोकाशेजारी, तारेत असतानाच वाळवीने कुरतडलेली खाच. खाच एका चिठ्ठीतून दुसरीत थोडी थोडी बदलत गेलेली. मी तारखा वाचत बसलो. तायड्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते नुसती खाच बघत होते आणि माझ्यापेक्षा भराभर लावत होते.

"बाबूसायेब, हे पोरीची चिठ्ठी या दोघीच्या मधात बसून राहिली, पाहा."

साहेब परतले तेव्हा चिठ्ठ्या दाभणावर ओवून तयार होत्या. शेवंताच्या वर पंधरा तारखेची, खाली अठराची. तिची सतराची. खाच तिघींतून आरपार. साहेबांनी तिची चिठ्ठी काढली, पुन्हा घातली, परत काढली.

"वाळवीला कोणी फितवू शकत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

शेवंता सोमवारी अकोल्याला हजर झाली. साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. काम तायड्यांचं आणि घोळ माझा, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. त्यानंतर मात्र कुठलाही जुना गठ्ठा सोडण्याआधी मी पानापानावर पेन्सिलीने आकडा घालू लागलो. पुढचे साहेब कारण विचारत. मी म्हणे, सवय आहे.