अण्णांसाठी ओतलेले पाच कप

गुरुवार, २९ डिसेंबर २००५. तिकीट माणशी आठ डॉलर, एकूण बत्तीस. हजर माणसं चार : मी, माझी बायको मीना, धाकटा भाऊ सुधीर आणि त्याची बायको अनघा. ठिकाण, सेंट क्रॉय बेटावरची एक रम डिस्टिलरी. तिचं नाव देत नाही, कारण जे झालं त्यात त्यांची काही चूक नव्हती.

इतकं नेमकं लिहितोय कारण मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. अमेरिकेत मॉरिसव्हिलला एका कंपनीत मी अकाउंट्स बघतो. या सदरातले अनुभव वाचताना माझं पहिलं काम असतं खुलासा शोधणं, आणि बऱ्याचदा तो सापडतोही. माझ्या स्वतःच्या अनुभवाचा मात्र अजून सापडलेला नाही. नावं बदलली आहेत, आणि सुधीर-अनघाची परवानगी घेतली आहे.

सेंट क्रॉय कॅरिबियन समुद्रात असलं तरी ती अमेरिकाच. सुधीर अर्विंगला नोकरी करतो. त्याचं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं होतं, देशाबाहेर पडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. म्हणून हे बेट निवडलं. ट्रिप खरं तर त्या दोघांसाठीच होती. सुधीर प्यायचा. थोडं थोडं नाही, चांगलंच. त्यापायी एक नोकरी गेली, आणि अनघा न्यू जर्सीला तिच्या ताईकडे निघून गेली. २००५च्या जानेवारीत ती परत आली ती एका अटीवर... एक घोट जरी घेतलास तर मी जाईन, आणि मग बोलवायला येऊ नकोस. वर्षभर त्याने शब्द पाळला होता.

मग अशा माणसाला घेऊन डिस्टिलरीत गेलोच कशाला? मीही हॉटेलवर हेच विचारलं होतं.

"दादा, प्रत्येक हॉटेलात बार आहे, प्रत्येक पार्टीत बाटली आहे," सुधीर म्हणाला. "कुठं कुठं तोंड लपवू? आणि मला ते बघायचंय. अण्णांचं काम असंच होतं ना."

अनघा म्हणाली, "जाऊ या. मी आहे ना बरोबर." ती हसून म्हणाली, पण हातातली पर्स तिने घट्ट धरली होती.

अण्णा म्हणजे आमचे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते ऑपरेटर होते. आमचं लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं, त्यामुळे मळीचा तो गोडसर, आंबूस वास मला झोपेतही ओळखता येईल. अण्णा रोज प्यायचे. त्यांची एक रीत होती : पहिल्या घोटाआधी अनामिका ग्लासात बुडवायची आणि तीन वेळा थेंब उडवायचे. तसं बरेच लोक करतात. लिव्हर खराब होऊन ते गेले तेव्हा सुधीर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता.

त्या बेटावर गाड्या अमेरिकन, पण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायच्या. मीच ड्राइव्ह करणार होतो म्हणून मी एक थेंबही घेणार नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तो प्रश्न नको.

टूर छान झाली. मळीच्या टाक्या, आंबवणाच्या मोठ्या उघड्या हौदांवर फुटणारे बुडबुडे, मग गोदामात पिंपांच्या उंच रांगा. लॉर्ना नावाची साठीची बाई सगळं दाखवत होती. पिंपातली रम दर वर्षी आपोआप थोडी उडून जाते, असंही तिने सांगितलं. सुधीर सारखा मला कोपराने ढोसत होता, "दादा, वास बघ. कॉलनी." त्याचा चेहरा खुलला होता. मला तेच नको होतं.

शेवटी शेडखालच्या लाकडी बारवर टेस्टिंग. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. डावीकडून एक रिकामं स्टूल, मग सुधीर, अनघा, मीना आणि टोकाला मी. लॉर्नाने न विचारताच सगळ्यांसमोर छोटे प्लास्टिकचे कप मांडून पांढरी रम ओतली. मी माझा कप मीनाकडे सरकवला. सुधीरने त्याचा उचलला... अनघाचा श्वास अडकलेला मला दिसला... आणि त्याने तो डावीकडे, रिकाम्या स्टुलासमोर नेऊन ठेवला. मग पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवून, नैवेद्याच्या ताटाभोवती फिरवतात तसं त्याने कपाभोवती पाणी फिरवलं.

"घ्या अण्णा," तो म्हणाला. "तुमच्या धाकट्याने सोडली. त्याच्या वाटची तुम्ही घ्या."

आम्ही सगळेच हसलो. अनघा तर डोळे पुसेपर्यंत हसली. "अहो, श्राद्धाला कधी पाणी सोडलं नाही या माणसाने," ती मीनाला म्हणाली, "आणि इथे बारवर सोडतोय."

लॉर्नाने विचारलं हे काय, तेव्हा मीनाने तिला सांगितलं की आमच्याकडे गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढतात, हे त्याच्या वडिलांसाठी आहे. लॉर्नाला ते फार आवडलं. आमच्याकडेही पहिला घोट जमिनीला देतात, ती म्हणाली. मग "वन फॉर डॅडी" म्हणत प्रत्येक वेळी त्या स्टुलासमोर ती एक नवा कप ठेवू लागली. सुधीरला काही नाही, अण्णांना सगळं. पांढरी, सोनेरी, मसाल्याची, नारळाची आणि शेवटी बारा वर्षं मुरवलेली. असे पाच.

मी सुधीरचे हात बघत होतो. पूर्ण वेळ. दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते, कॅमेऱ्याचा पट्टा बोटांभोवती गुंडाळलेला. म्हणूनच पहिला कप रिकामा दिसला तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, लॉर्नाने त्यात कमी ओतली असेल. मग दुसऱ्याकडे बघत राहिलो. त्याची पातळी उतरत होती. सांडत नव्हती, गळत नव्हती, बार कोरडा होता. म्हणजे एवढं सोडून कोरडा : प्रत्येक कपापुढे लाकडावर तीन ओले ठिपके, एका ओळीत.

तिसरा आणि चौथाही तसेच. भर दुपार होती, समोर ऊन होतं, लॉर्ना नारळाच्या रमबद्दल काहीतरी विनोद करत होती.

मग मीना आणि अनघा शेजारच्या दुकानात फ्रिजवर लावायचे मॅग्नेट बघायला गेल्या. मीनाने मला हाक मारली, "अहो, हे रम केक घ्यायचे का मुलीसाठी?" मी मान वळवून उत्तर दिलं. एखादं मिनिट गेलं असेल. त्या एका मिनिटाची ग्वाही मी देऊ शकत नाही. वळून पाहिलं तेव्हा अनघा परत आलेली होती, पाचही कप रिकामे होते, आणि सुधीरचा हात शेवटच्या कपावर होता.

"सुधीर," ती म्हणाली.

"मी नाही घेतली."

"हात कुठाय तुझा?"

त्याने हात काढला. तेवढ्यात लॉर्ना हसत हसत म्हणाली, "डॅडी वॉज थर्स्टी!" आणि सुधीरकडे बघून तिने डोळा मारला. तिला वाटलं, गंमत चाललीय.

"दादा, तुम्ही इथेच होतात ना? तुम्ही सांगा," अनघा माझ्याकडे वळून म्हणाली.

"मी बघत होतो," मी म्हणालो. "त्याने घेतली नाही."

"मग पाच कप कुणी संपवले?"

पातळी आपोआप उतरताना पाहिली, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "माहीत नाही."

"भाऊ भाऊ ना तुम्ही," अनघा म्हणाली. "मीच मूर्ख. मी उद्याच ताईकडे जाते. तिकीट बदलून घेते."

गाडीत तिने सुधीरला मागे बसवलं, आणि मीना समजूत घालायला दोघांच्या मधे बसली. माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. निघालो आणि सीटबेल्टचा इशारा वाजायला लागला. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय आणि त्याने बेल्ट लावला नाही, असा. मी सीटवर हात फिरवला. पर्स नाही, बाटली नाही, काही नाही. आवाज चालूच.

आणि वास. रमचा, त्याच्याखाली मळीचा.

"येतोय ना वास?" मागून अनघा म्हणाली. "अजून खोटं बोलशील?"

"माझ्या तोंडाचा घे," सुधीर म्हणाला. "घे ना, हा बघ."

तिने मीनाच्या पुढून वाकून हुंगलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मग कुठून येतोय?"

मला माहीत होतं कुठून येतोय ते. इशारा वाजतच होता, त्यात डावीकडून चालवायची सवय गेलेली. शेवटी मी गाडी कडेला घेतली, हात लांब करून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि लावला. आवाज थांबला. आरशात मीना माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही, आजपर्यंत नाही.

पुढे रस्त्यावर एका क्लिनिकचा बोर्ड दिसला. ड्रायव्हर लोकांची दारूची तपासणी करून मिळेल, असं लिहिलं होतं. मी गाडी आत घातली. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मशीनवर ठेवा.

नर्सने सुधीरला नळीत फुंकायला लावलं. मशीनवर शून्य आलं. मी विचारलं, मशीन शेवटचं तपासलं कधी? ती जरा चिडली, पण मग स्वतः माउथवॉशची चूळ भरून तिने फुंकून दाखवलं. आकडा लगेच चढला. दहा-पंधरा मिनिटं थांबून सुधीरने परत फुंकलं. परत शून्य.

अनघा खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "सॉरी," ती म्हणाली, "सॉरी रे..."

इथे सुधीर गप्प बसला असता तर सगळं मिटलं होतं. पण तो तिच्यासमोर खाली बसला.

"थांब, सॉरी म्हणू नकोस. शेवटचा कप मी घेणार होतो."

तिने मान वर केली.

"तुम्ही दोघी दुकानात होतात, दादाने मान वळवली होती. एकच घोट, कुणाला कळणार, असं ठरवून मी हात घातला. कप भरलेला होता, अनघा. बोटाला लागेपर्यंत भरलेला होता. उचलला तर रिकामा." तो थांबला. "आणि माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं होतं. जोरात नाही."

अनघाने त्याचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग तिने विचारलं, "आणि आत्ता? आत्ता घ्यावीशी वाटते?"

"आत्ता भीती वाटतेय," सुधीर म्हणाला. "पण नाही वाटत."

माझे प्रयत्न सांगतो. बाहेर आलो तेव्हा बेल्ट मी काढला. परतीच्या रस्त्यात इशारा वाजला नाही, आणि वासही नव्हता. भाड्याची गाडी परत करताना सीटचा सेन्सर तपासायला लावला, तो ठीक निघाला. रम उन्हाने उडाली म्हणावं, तर पुढच्या जुलैमध्ये तसल्याच कपात तेवढीच रम मी घराच्या डेकवर उन्हात ठेवून पाहिली. संध्याकाळीही ती निम्म्याहून जास्त शिल्लक होती. अनघाचं म्हणणं, लॉर्नानेच मस्करी केली असेल. असेलही. पण लॉर्ना बारच्या पलीकडे होती आणि ते कप माझ्या नजरेसमोर होते. सुधीर यावर बोलत नाही. तो पितही नाही, इतकं मला पुरे आहे. खुलासा माझ्याकडे नाही, कुणाला सुचला तर जरूर लिहा.

त्या दिवशी क्लिनिकची फी झाली पंचेचाळीस डॉलर. मी पाकीट काढलं, तर अनघाने माझा हात बाजूला केला. "नको दादा," ती म्हणाली, "नवरा माझा आहे." काउंटरवरच्या बाईला तिने पंचेचाळीस डॉलर रोख मोजून दिले, सुधीरचा हात धरला आणि ती दोघं आमच्या आधी बाहेर पडली.