लिलावातून आलेली सवत
काल खिडकीच्या गजांना रेड ऑक्साइड लावलं आणि त्या वासानं माझं डोकंच उठलं. आमचे हे मिलिटरीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन लोणीला आले आणि महिन्याभरात लिलावातली जुनी मिलिटरी जीप दारात आणून उभी केली. इतकी वर्षं वाट बघितली मी, आणि हे सकाळपासून तिच्याखाली आडवे. गंज खरवडायचा, पत्रा लखलखेपर्यंत घासायचा, वर गंजाचं औषध म्हणून हेच वासाचं रेड ऑक्साइड लावायचं. इकडं माझ्या स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता, त्याची यांना आठवण नाही. एक दिवस हाक आली, "अगं ये की, माझी बोटं लई जाड. तुझा हात सारवून सारवून बसलाय, ह्या सांध्यात सीलंट भर जरा." मला मेलीला बरं वाटलं. पदर खोचला आणि भिंत लिंपावी तसे सगळे सांधे अंगठ्यानं दाबून भरले. "आता थेंब शिरायचा न्हाई," हे म्हणाले, पण जीपकडं बघून. मिलिटरीचा हिरवा रंग बाहेर चालत नाही, म्हणून पांढरा दिला आणि पूजेला ओझरच्या गणपतीला नेली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, फोटोसाठी शेजारी उभी राहिले, तर हे म्हणतात कसे, "जरा बाजूला सरक, नंबर झाकतोय." जीप कधीच मोडीत गेली, फोटो अजून भिंतीवर आहे. हे तिच्या अंगावर हात टाकून उभे आणि कडेला माझ्या पदराचं टोक. त्याची काच मीच पुसते, पण यांच्यापुरतीच. सवतीवरची धूळ तशीच ठेवते.